काउंटचे इंजेक्शन आणि गाठ वाढण्याची धास्ती

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवण्यासाठी दिले जाणारे इंजेक्शन कर्करोगाची गाठही वाढवते, परदेशात त्यावर तशी ताकीद छापलेली असते, म्हणून ते नाकारून पपईच्या पानांचा रस घ्यावा, असा एक संदेश बराच फिरतो आहे.

यातली शंका अगदीच निराधार नाही. हे इंजेक्शन, म्हणजे फिलग्रास्टिम, पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या ज्या जी-सीएसएफ प्रथिनाची नक्कल आहे, ते प्रथिन फुप्फुसाच्या व मूत्राशयाच्या काही गाठींमध्येच तयार होते आणि अशा गाठी बहुधा आक्रमक असतात. परंतु प्रयोगशाळेतील शंकेचा निवाडा रुग्णांवरच्या चाचण्यांत होतो. स्तनाच्या कर्करोगात तीनऐवजी दोन आठवड्यांनी केमो देणे प्रामुख्याने याच इंजेक्शनामुळे शक्य झाले. अशा 7 चाचण्यांमधील सुमारे 10,000 स्त्रियांच्या नोंदी 2019 मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण 28.3 टक्क्यांऐवजी 24 टक्के आढळले. हा लाभ केमोचा आहे हे खरे. पण इंजेक्शन गाठीला खतपाणी घालत असते, तर आकडा असा उतरला नसता.

फिलग्रास्टिमच्या अमेरिकी माहितीपत्रकात गाठ वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढेच म्हटलेले आहे. ठळक ताकीद आहे ती दुसऱ्या औषधावर. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनमुळे डोके व मानेच्या कर्करोगात रेडिएशनचा परिणाम खालावल्याचे 2003 मध्ये दिसले, पुढे इतर कर्करोगांतही तशीच चिन्हे आढळली, आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर चौकटीतला इशारा घातला. आजार पूर्ण बरा करण्यासाठी केमो चालू असेल, तर ते देऊ नये असे त्यावर आजही सांगितलेले असते. संदेशकर्त्याने बहुधा एका खोक्यावरची ठळक ताकीद उचलून दुसऱ्यावर चिकटवली आहे.

फिलग्रास्टिमचे खरे दोष मात्र संदेशात नाहीत. रक्ताचा कर्करोग नंतर उद्भवण्याचा धोका त्याने किंचित वाढतो. कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकतात. गाठ हाडांत पसरली, ही धास्ती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते, पण ती कळ मज्जेत पेशी वेगाने तयार होत असल्याची असते.

राहिला पपईचा रस. त्याची ख्याती डेंग्यूतल्या प्लेटलेटपुरती आहे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली गेल्या असताना ताप चढला, तर रस काढत बसण्याची ती वेळ नव्हे, ताबडतोब रुग्णालय गाठण्याची असते. शिवाय हे इंजेक्शन सरसकट सर्वांना लागतही नाही: असा ताप येण्याचा धोका 20 टक्के किंवा अधिक असेल, तर ते आधीच देतात, आणि आपल्या केमोत तो धोका किती, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.