खाली चर्च, वर म्हाताऱ्यांची घरं, पण किल्ली कोणाकडे?

चर्चच्या जागेवर ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं बांधायची, तळमजल्यावर उपासनेचा हॉल ठेवायचा आणि उरलेला आठवडा तो हॉल आजूबाजूच्या सगळ्यांना वापरू द्यायचा, ही कल्पना मला मनापासून पटते. पण ब्रोशरवर जे 'सर्वांचं स्वागत' छापलेलं असतं ना, तिथे मी थोडी अडखळते.

मुळात यात नवीन काही नाही. जर्मनीत आउग्सबुर्गला फुगेराय म्हणून एक वसाहत आहे, 1521 ची, याकोब फुगर नावाच्या गडगंज सावकाराने गरिबांसाठी बांधलेली, आत स्वतःचं चर्चसुद्धा आहे. भाडं आजही वर्षाला 88 सेंट (महिन्याला नाही हो, वर्षाला!). पण अट काय, तर माणूस गरजू पाहिजे, आउग्सबुर्गचाच पाहिजे, कॅथलिक पाहिजे आणि फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. रात्री दहानंतर गेट बंद, उशीर झाला तर वरून पैसे. पाचशे वर्षं टिकली याचं कौतुक आहेच, पण तिथे छप्पर आणि श्रद्धा एकाच पावतीवर आहेत, आणि आजच्या 'इन्क्लुझिव्ह' घरांनी नेमकं तेच तोडायला हवं.

आता अमेरिकेत हा विषय जोरात का आहे तर चर्च रिकामी होतायत. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे 1999 मध्ये 70 टक्के प्रौढ लोक कुठल्यातरी प्रार्थनास्थळाचे सभासद होते, 2020 मध्ये 47 टक्के. इमारत जुनी, छत गळतंय, रविवारी थोडीफार माणसं येतात आणि पार्किंग मात्र भलंमोठं, तेही बाकी आठवडा ओस. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदाच केला की धार्मिक संस्थांना स्वतःच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायची असतील तर स्थानिक झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधायचं याचे नियम) आडवं येणार नाही. चांगलं झालं, कारण 'म्हाताऱ्यांसाठी घरं हवीत पण आमच्या गल्लीत नकोत' म्हणणारे शेजारी सगळीकडे असतात.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन हे चर्च. तिथल्या मंडळीने, म्हणजे सभासदांनी, आपली जागा एका बिगर-नफा गृहसंस्थेला विकली, चर्चची इमारत पाडू दिली, तिथे 2019 मध्ये गिलियम प्लेस उभं राहिलं, 173 घरं, आणि मंडळी स्वतः तळमजल्यावर भाडेकरू म्हणून आली. ही फक्त ज्येष्ठांची घरं नाहीत, पण मुद्दा तो नाहीच, मुद्दा हा की जे कालपर्यंत मालक होते ते आज भाडं भरतात. हे पचवणं सोपं नसणार, ज्या बाकावर आईवडिलांच्या शेजारी बसलो तो बाक जाताना बघायचा म्हणजे!

दुसरं उदाहरण मिनिआपोलिसच्या स्पिरिट ऑन लेक या इमारतीचं, 46 घरं, 2013. कल्पना तिथल्या एका चर्चच्या मंडळीची, डोळ्यासमोर होते ते समलिंगी आणि ट्रान्स ज्येष्ठ. घरं फक्त त्यांच्यासाठी राखीव नाहीत, अर्ज कोणीही करू शकतं, आणि मला ते बरोबरच वाटतं, वेगळी वसाहत कशाला? फक्त तिथे राहताना लपावं लागू नये एवढंच.

आणि लपणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका आयुष्यभर एकत्र राहिलेल्या, अर्जात 'नातं' या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन हातात धरून बसलेल्या, शेवटी 'मैत्रीण' लिहितात. मग नर्स घरी येणार असली की भिंतीवरचा फोटो ड्रॉवरमध्ये. ज्यांना तरुणपणी चर्चनेच दाराबाहेर काढलं त्यांना आता चर्चच्याच लिफ्टमधून वर जायचंय, तर नुसत्या इंद्रधनुषी झेंड्याने भागत नाही. अर्जात 'जोडीदार' असा साधा शब्द हवा, भेदभाव चालणार नाही हे करारात लिहिलेलं हवं, स्टाफला ट्रेनिंग हवं, उपासनेला गेलं नाही म्हणून कोणी विचारणा करणार नाही याची खात्री हवी. घरांची संस्था कायद्याने चर्चपासून वेगळी असावी, हिशेब वेगळे, तक्रार ऐकणारा माणूसही वेगळा, म्हणजे उद्या पास्टर बदलले आणि नवीन आलेले कडक निघाले तरी वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडणार नाही.

लोक 'चर्चने पदरचं एवढं द्यायचं आणि वर स्वतःचं म्हणणंही सोडायचं का' असं विचारतात. अहो सोडू नका ना, रविवारी तुमच्या हॉलमध्ये तुमच्या मताप्रमाणे बोला, फक्त कोणाच्या घराचा करार त्यावर टांगू नका.

'कम्युनिटी हब' हा शब्द तर मला कॉफी मशीन आणि चार सोफे ठेवून उरकलेला दिसतो. खरा हब स्वयंपाकघरावरून कळतो. ते कुलूपबंद आहे की वरच्या आजोबांना वाटलं तर खाली येऊन सगळ्यांसाठी सूप करता येतं? हॉलला व्हीलचेअर जाते का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, आणि एकाच संध्याकाळी चर्चचा गायकवृंद आणि भाडेकरूंची मीटिंग दोन्ही आलं तर हॉल कोणाला मिळतो? बुकिंग ठरवणाऱ्या कमिटीत निम्मी माणसं वर राहणारी नसतील तर मी तरी तिथे अर्ज भरणार नाही, लिफ्ट कितीही मोठी असू दे.