५८० व्होल्ट आणि एक कूलर

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन हे थंड हवेत एकट्या राहणाऱ्या पैसेवाल्या माणसासाठी काढलेले असणार. मी नागपुरात राहतो. घरात आई, बायको, पोरं आणि एक डेझर्ट कूलर आहे. पैशांचं बोलूच नका.

साध्या हेडफोनात चुंबक असतो, कॉइल असते. यात तसलं काही नाही. छिद्रं असलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये मायक्रॉनमध्ये मोजावा असा पातळ पडदा ताणलेला, आणि त्यावर ५८० व्होल्ट. जपानच्या स्टॅक्स कंपनीनं १९६० पासून ही कला जपली आहे. करंट जवळजवळ शून्य असतो, पण ते ‘जवळजवळ’ आईला पटेना.

“कानाले करंट लावून काय ऐकून राह्यला रे? खांबाले कान लाव, फुकटात होते.”

याला जोडीला घेतला सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर, म्हणजे एकाच डब्यात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर. त्या काळी कंपन्यांमध्ये वॉटची मारामारी चालायची. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० मध्ये दर चॅनेलला २७० वॉट होते आणि वजन पस्तीसेक किलो. माझा त्यामानानं गरीब घरचा, तरी जिना चढवताना हमालानं विचारलंच, “साहेब, तिजोरी हाय का जी?”

रिसीव्हरच्या तोंडावर हेडफोनचं भोक असतं, ते या कामाचं नाही. मागच्या स्पीकरच्या टर्मिनलमधून वायरी काढून एका डब्यात न्यायच्या. डब्यातला ट्रान्सफॉर्मर त्या सिग्नलचे शेकडो व्होल्ट करतो, तेव्हा कुठे तो पडदा हलतो. आता रिसीव्हर अमेरिकेतून आलेला, १२० व्होल्टचा. म्हणून भिंतीजवळ २३० चे १२० करणारा आणखी एक ट्रान्सफॉर्मर. म्हणजे एका कोपऱ्यात व्होल्टेज उतरवायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात चढवायचं, आणि मध्ये आपण डोळे मिटून तानपुरा ऐकायचा. उतरवणारा डबा स्वतःच ‘घूंऽऽ’ करतो, त्यामुळे तानपुरा ऐच्छिक आहे.

आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. सीताबर्डीवरच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत फवारा मारला आणि म्हणाला, “भाऊ, याचे कंडेन्सर तुमच्याहून म्हातारे आहेत. पण कामाचे आहेत.” तुलनेचा दुसरा भाग मी मनाला लावून घेतला नाही.

हे सगळं निभावलं असतं. पण मे आला.

हे हेडफोन मागून उघडे असतात, नुसती जाळी. त्यांचं वाखाणण्यासारखं मोकळेपण यातूनच येतं, आणि कूलरही त्यातूनच येतो. पंख्याची घरघर, पंपाची गुळगुळ, वाळ्याच्या ताटीवरून टपकणारा थेंब, सगळं बारीकसारीक तपशिलासह. एवढा स्पष्ट कूलर मी आयुष्यात ऐकला नव्हता. बरं, त्या पडद्याला ओल चालत नाही. दमट हवेत चार्ज गळतो, मग कानात तडतड होते, नाहीतर एक बाजू हळूहळू दबत जाते. आणि कूलरचा तर धंदाच दमट हवा फेकण्याचा. बंद करावा, तर बाहेर पारा पंचेचाळीसला, बाजूला रिसीव्हर. अमेरिकेच्या साठ हर्ट्झच्या विजेवर वाढलेला जीव आपल्या पन्नास हर्ट्झवर जरा जास्तच तापतो. कानावर गाद्या, गाद्यांत घाम. कूलर चालू असला की डावा कान बसतो, बंद केला की मी.

बायकोनं एकदाच विचारलं, “मग ऐकता कधी?”

आईनं मात्र रिसीव्हरला रेडिओ मानून टाकलंय. तोही आहेच म्हणा. दुपारी स्पीकर लावून ती विविध भारती ऐकते. अमेरिकन सेट एफएमचे वरचे सूर आपल्या मानकापेक्षा जास्त कापतो, म्हणून आवाज थोडा दबका येतो. या कापण्याचं माप तिकडे ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०; तो फरक मी तिला समजावायला गेलो. “गोड लागून राह्यलं, तू नको हात लावू.”

डिसेंबरात कूलर माळ्यावर जातो, हवा कोरडी होते, हेडफोन सुरात येतात. पण तेव्हा रिसीव्हरच्या झाकणावर आईचे ओले मोजे असतात. हवा जायच्या भोकांवर कपडा टाकू नये, आतला भाग तापून जळेल, असं मी सांगून पाहिलं.

“एवढं गरम होऊन राह्यलं ते,” ती म्हणाली, “तसंच वाया काहून घालवायचं?” आणि बाजूला माझेही मोजे टाकले.