मसाईचं 'कास' करायची घाई कुणाला झालीय?

सप्टेंबर उजाडला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर मसाई पठाराची साताऱ्याच्या फुलांच्या कास पठाराशी बरोबरी करणारे मेसेज फिरायला लागतात : 'आपलं कास, पन्हाळ्याच्या पलीकडं, गाडी थेट फुलांपर्यंत!' हे शेवटचं वाचलं की माझं डोकं फिरतं.

थेट फुलांपर्यंत गेलेली गाडी बहुतेक वेळा फुलांवरूनच गेलेली असते. मसाई पठार म्हणजे खाली सगळा जांभा, वर माती कुठं बोटभर, कुठं तीही नाही. पावसात चिंब, उन्हाळ्यात कोरडी ठाक, कस जवळपास शून्य. इथं मोठ्या झाडांचं काही चालत नाही, म्हणून तर ही चिमुकली मंडळी टिकली. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं पाऊस असेतोवर उरकायचं. बी पडणार ते पुन्हा त्याच बोटभर मातीत. तिच्यावरून ओल्यात जीप गेली की चाकोरी पडते, साचणारं पाणी तिच्यातून निघून जातं आणि जाताना माती घेऊन जातं.

सीतेची आसवं ही फुलं सगळ्यांनी फोटोत बघितलीत. निळीजांभळी, नाजूक. पण खरा कारभार खाली ओल्या मातीत चालतो. तिथं टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की झाकण आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत. मातीत नायट्रोजन नावालाच, मग पोट भरायचं कसं? शेजारी दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोपटं असतं, तांबूस, पानाच्या केसाकेसावर चिकट थेंब. त्यावर बसलेलं चिलट परत उडत नाही. हे बघायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. ड्रोनला दिसते फक्त सोनकी आणि तेरडा.

दुर्मिळ म्हणायचं तर कंदीलपुष्पांचं नाव आधी घ्यायला हवं. त्यातल्या काही जाती सह्याद्री सोडून जगात कुठं नाहीत. कंद खाण्याजोगा, म्हणून उकरला जातो. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागानं आपल्या बागेत या जाती जपल्यात, ही आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती. पण बागेत जपलं म्हणून पठार गेलं तरी चालेल असं होत नाही. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडची काही पठारं बॉक्साइटसाठी खणली गेलीच आहेत.

मसाईला 2022 मध्ये 'संवर्धन राखीव' दर्जा मिळाला. तेव्हापासून एक मागणी ऐकतोय : कुंपण घाला, गुरं हाकला, तिकीट लावा. मला हे पटत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीवर गावच्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आहे, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचाही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीच गुराखी धरून विचार केलाय. गुरं चरतात म्हणून गवत आटोक्यात राहतं आणि बोटभर उंचीच्या झाडांना ऊन मिळतं. कासला जाळी लावली, नंतर गवत माजल्याची ओरड झाली आणि ती काढावी लागली. तिथं दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घालण्याची पाळी आली, ती काय शेळ्यांमुळं?

(अतिचराई होत नाही असं माझं म्हणणं नाही. पण शेळी आणि एसयूव्ही यांत आधी कुणाला अडवायचं, हे सांगायला तज्ज्ञ कशाला लागतो?)

वन विभाग आणि ग्रामपंचायतींनी एवढं करावं : पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत गाड्या पठार सुरू व्हायच्या आधीच थांबवाव्यात. पार्किंगचे पैसे गावाला मिळावेत, वाट दाखवायला गावातलीच पोरं असावीत. मसाई देवीच्या दर्शनाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ठरलेल्या वाटेनं एखादी गाडी सोडा, त्याला कुणाची ना नाही. बाकीच्यांनी चालावं. 1660 च्या आषाढात महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं गेले ते याच बाजूनं, भर पावसात. दर जुलैत त्या वाटेनं हजारो जण पावनखिंडीपर्यंत हौसेनं चालतात. मग सप्टेंबरातच आपल्या पायांना काय धाड भरते?

आणि वर हॉटेल नाही म्हणून कुणी तक्रार करू नये. मिसळ पन्हाळ्यातच खाऊन निघा.