ग्रुपवर ‘देणे आहे’ कमी लिहा, ‘हवंय’ जास्त लिहा

कोल्हापुरात नवीन घर मांडायला किती खर्च येतो असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुला मागायला लाज वाटते का? वाटत नसेल तर निम्मं घर असंच उभं राहील. वाटत असेल तर जा शोरूमला आणि हप्ते बांधून घे.

आमच्या राजारामपुरीतल्या आजूबाजूच्या चार-पाच अपार्टमेंटचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात इथून राहून गेलेले भाडेकरू आहेत, त्यांचे ओळखीचे आहेत, आणि आपण नक्की कुणामुळे आलो हे विसरलेलेही बरेच आहेत. जुनं सामान द्यायचं-घ्यायचं, एवढंच काम. रोज एखादा फोटो पडतो. ‘देणे आहे. मिक्सर. चालू स्थितीत. स्वतः येऊन नेणे.’ खाली दोन अंगठे, एक हात जोडलेला. मिक्सर तिथंच. चार दिवसांनी तोच फोटो परत.

आणि मग एखादी मुलगी लिहिते, ‘मी नर्सिंगला आले आहे, खोली घेतली आहे, एक टेबल फॅन आणि बादली हवी आहे, जुनी चालेल.’ संध्याकाळपर्यंत तिला फॅन मिळतो, बादली मिळते, न मागितलेली उशी मिळते आणि वरून एका काकूंचा फोन जातो, ‘डब्याची सोय काय केलीस गं?’

हे इतक्या वेळा पाहिलंय की आता माझं मत पक्कं झालंय. असले ग्रुप देणाऱ्यांच्या जोरावर चालत नाहीत, मागणाऱ्यांच्या जोरावर चालतात. कारण साधं आहे. आपल्या माळ्यावर काय आहे ते आपल्यालाच आठवत नसतं. उगाच शिडी लावून, धूळ झाडून, फोटो काढून ‘देणे आहे’ लिहिण्याइतकी सवड कुणाला आहे? पण समोरून कुणी ‘इस्त्री आहे का हो कुणाकडं’ म्हटलं की लगेच आठवतं, अरे, लग्नात आलेल्या तीन इस्त्र्यांतली एक खोक्यातच आहे. दिवाळीच्या साफसफाईला माळा निघतो, तेव्हा मात्र सगळ्यांचंच सगळं एकदम बाहेर येतं आणि घ्यायला कुणी नसतं. मग भंगारवाल्याची हाक ऐकू येते.

भंगारवाल्याशी माझं भांडण नाही. त्याचं काम तो करतो. पण चांगली धडधाकट लोखंडी कॉट किलोवर जाते तेव्हा पोटात कालवतं. वजनकाट्यावर गेली की ती कॉट राहत नाही, नुसतं लोखंड होतं. पितळेच्या पिंपाचं, तांब्याच्या बंबाचं तेच. मोडीत घातलं की वजनाचे पैसे येतात, घडणावळ गेली पाण्यात. पेठांमधले वाडे पाडून फ्लॅट झाले, त्यात बंब ठेवायचा कुठं, पाटा-वरवंटा बाल्कनीत किती दिवस ठेवायचा, हे खरंच आहे. माझं म्हणणं इतकंच की काट्यावर घालायच्या आधी ग्रुपवर एकदा नजर टाका, ते कुणी मागितलंय का.

आणि मागणारे या गावात कमी नाहीत. शिकायला आलेल्या पोरांची सोय बघणं कोल्हापूरला नवं नाही, राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं तेव्हापासूनची ही रीत आहे. आता विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग-मेडिकलची कॉलेजं आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली बाहेरची माणसं आहेत. अकरा महिन्यांचा करार संपला की ही माणसं खोली बदलतात. मे-जूनमध्ये एका गल्लीतलं पोर गादी-शेगडी टाकून गावाकडं जातं आणि जुलैत पलीकडच्या गल्लीत दुसरं पोर तेच सगळं नवीन विकत घेतं. दोघांची गाठ पडत नाही, कारण दुसऱ्यानं तोंड उघडलेलं नसतं.

का उघडत नाही? लाज. ‘फुकटचं कशाला’, ‘घरी कळलं तर काय म्हणतील’, ‘आपली काय एवढी वाईट वेळ आलीय का.’ आता गंमत बघा. हाच माणूस जुनी बुलेट घ्यायला चार गावं पालथी घालतो, व्यवहार जमला की पेढे वाटतो. त्याचा बाप बाजारातून दुसऱ्याच्या गोठ्यातली म्हैस आणतो, तिला सेकंडहँड म्हैस कुणी म्हणत नाही. ट्रॅक्टर जुना चालतो, दुकानाचं काउंटर जुनं चालतं. मग गॅसची शेगडी आणि लोखंडी कपाट जुनं घेतलं तर कुठं आभाळ कोसळतं? मला वाटतं, जुनी गाडी घेताना आपण घासाघीस करतो, म्हणून तो रुबाबाचा व्यवहार वाटतो. फुकट घेताना घासाघीस करायला काही नसतं, आणि तिथं आपण एकदम लहान होतो.

म्हणूनच माझं एक मत ग्रुपमधल्या पुष्कळांना पटत नाही. मोठ्या वस्तूला थोडे का होईना पैसे लावावेत. अमेरिकेत २००३ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात फ्रीसायकल सुरू झालं, नंतर २०१३ मध्ये बाय नथिंग आलं, आमच्या ग्रुपसारखेच वस्तू द्यायचे-घ्यायचे गट. दोन्हींचा नियम एकच, पैशाचं नाव काढायचं नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्याकडं ‘फुकट’ लिहिलं की पाचजण ‘मी घेतो’ म्हणतात आणि एकही येत नाही. दोनशे रुपये लिहिले की एकच येतो, पण येताना छोटा हत्ती घेऊन येतो. शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते, ‘काकू, पंखा जरा आवाज करतो हो’ असं चार दिवसांनी सांगायचा हक्कही राहतो. बादली, डबे, पडदे, पुस्तकं यांना मात्र पैसे लावू नका, शोभत नाही.

बाय नथिंगवाल्यांची एक गोष्ट मात्र आपण उचलावी. पहिल्यानं हात वर केला त्यालाच वस्तू, असं नसावं. दिवसभर मोबाइल हातात धरून बसणाराच मग सगळं नेतो. कामावर असलेल्या बाईला दुपारी मेसेज दिसतच नाही. रात्रीपर्यंत थांबा, कुणाला जास्त गरज आहे ते बघा आणि द्या. ‘मी आधी लिहिलं होतं’ म्हणून रुसणारे रुसू देत.

काहीजण तक्रार करतात की ग्रुपमधून एक माणूस स्वस्तात वस्तू नेतो आणि दुरुस्त करून विकतो. विकू दे की! बंद पडलेलं टेबल फॅनचं यंत्र तुमच्याकडं वर्षभर पडून होतं तेव्हा कुठं कुणाच्या उपयोगी आलं? तो कंडेन्सर बदलतो, बुशिंग घालतो, दारात आणून देतो. त्यानं ‘मी विकायला नेतोय’ एवढं आधी सांगावं, म्हणजे झालं.

मागणं आधी आणि देणं नंतर, हे मी एवढं का लावून धरते, तर त्याला २०१९ चा महापूर कारण आहे. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी पाण्यात, शहरातही कितीतरी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. मदतीला सगळा महाराष्ट्र धावून आला, ते ऋण आहेच. पण त्या मदतीबरोबर जुन्या कपड्यांचे ढीग आले. बटणं तुटलेले शर्ट, विटलेल्या साड्या. आणि चिखल उपसून घरात आलेल्या बाईला हवी होती शेगडी, कुकर, परात, अंथरूण. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. तिला काय हवंय ते विचारायचं राहून गेलं, इतकंच. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या भागातल्या तालमीच्या पोरांनी शहाणपणा केला, आधी घरोघरी विचारून यादी आणली आणि मग ग्रुपवर टाकली. दोन शेगड्या माझ्याच मजल्यावरून गेल्या.

चौकाचौकांत उभ्या राहणाऱ्या माणुसकीच्या भिंतींबद्दलही माझं असंच दुमत आहे. नको असेल ते द्या, हवं असेल ते न्या, ही कल्पना छान. कपड्यांना ठीक. पण भिंतीला विचारता येत नाही की मिक्सरचं भांडं गळतं का, आणि भिंत तुमच्यासाठी लहान पोराची सायकल शोधत नाही.

पुराचा विषय निघालाच आहे तर कोल्हापुरात जुनं घेणाऱ्यांनी हे बघाच. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन घेताना ते मागून आणि खालून बघा. एका ठरावीक उंचीपर्यंतचेच स्क्रू गंजलेले असले, कोपऱ्यात वाळलेला गाळ दिसला, तर ती वस्तू पाण्यात होती. वाळवल्यावर चालू होते, पण भरवसा नाही. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर पाण्यात गेलं असेल तर तळाशी फुगलेलं असतं, ते फुकटही नेऊ नका. सागवानी किंवा लोखंडी असेल तर बिनधास्त न्या. कॉटचे सांधे आणि गादीची शिवण टॉर्च मारून बघा, ढेकूण एकदा घरात आले की जुन्या गादीत वाचलेले पैसे औषध फवारण्यात जातात. मी तर म्हणते, गादी जुनी घेऊच नका. कुकर घेतला तर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दुकानातून नवीन घालूनच गॅसवर ठेवा. शेगडी चालेल, पण रबरी नळी नवीन. आणि सिलिंडर-रेग्युलेटर कुणी ‘घेऊन जा’ म्हणालं तरी घेऊ नका, ते गॅस कंपनीचं असतं, डिपॉझिटवर दिलेलं. कनेक्शन रीतसर नावावर करून घ्या. फ्रिज टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू दे, मग प्लग लावा. विजेची कुठलीही वस्तू देणाऱ्याच्या घरी चालवून बघायची, संकोच नको. मिक्सर पाच मिनिटं चालला आणि जळका वास आला तर ‘येते काकू’ म्हणून सरळ उठायचं.

अनोळखी साइटवरून घेणाऱ्यांसाठी एवढंच, की ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, सामान स्वस्तात काढतोय, आधी पैसे पाठवा’ हा जुना सापळा आहे. उलटाही आहे, तुम्ही विकत असाल तर समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, पैसे येण्यासाठी पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन. ओळखीच्या ग्रुपचा हाच तर फायदा आहे, वस्तू देणारी बाई तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचं नाव दाराच्या पाटीवर असतं.

एक मात्र देणाऱ्यांनी ऐकावं. ‘चालू स्थितीत’ लिहिता तेव्हा ती वस्तू आज सकाळी चालवून बघितलेली असावी. आणि दिल्यावर ‘आमच्या मिक्सरवर कसं चाललंय तुमचं?’ असं जिन्यात चारचौघांत विचारू नये. असल्या एका वाक्यामुळं पुढचे दहाजण मागायचे थांबतात.

आता हे सगळं लिहून मी नुसती गप्प बसले तर बरं दिसणार नाही. तर मला हवंय: लोणच्याची चिनीमातीची मोठी बरणी, झाकण नसलं तरी चालेल, शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड, पाय हलते नसावेत, आणि भाचीसाठी अभ्यासाचं टेबल, ती पुढच्या महिन्यात सायबर चौकाजवळ राहायला येतेय. टेबलाचे पैसे देईन. राजारामपुरी, शाहूपुरी, टाकाळा या भागात असेल तर मीच येऊन नेईन. कुणाकडं असेल तर खाली लिहा, आणि तुम्हाला काय हवंय तेही लिहा.