हसतमुखाने दार उघडावे

आमच्या डोंबिवलीच्या घरात माळ्यावर तसूभर जागा उरलेली नाही आणि त्याला महिलांची जुनी मासिकं जबाबदार आहेत. त्यांत 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचं सदर असायचं आणि सासूबाईंनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. लग्नपत्रिकांच्या परड्या, गेलेल्या बल्बचे पेंग्विन, काडेपेट्यांचं कपाट (आत एक सुई मावते). टाकाऊ वस्तूचं बरं असतं, ती टाकता तरी येते. टिकाऊ झाली की जन्माची सोबत.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मी ठरवलं, निदान मासिकं तरी रद्दीत द्यायची. न चाळता. पण फडकं मारता मारता एक अंक उघडला आणि मग काय, स्टुलावरच बैठक जमली.

रोज चेहऱ्याला साय लावावी, कांती उजळते. ठीक. चार पानं पुढे, रोजची साय साठवून घरीच तूप कढवावं, बचत होते. आता साय एकच, दूध अर्धा लिटर. कांती उजळावी की वरण-भात? यावर संपादकीय गप्प.

नवऱ्यासाठी बिनबाह्यांच्या स्वेटरची वीण तर जवळजवळ प्रत्येक अंकात. दोन सुलट, दोन उलट. डोंबिवलीत! इथे जानेवारीतही पंखा दोनवर असतो. तो स्वेटर विणलाही गेलाय, माळ्यावर आहे.

प्रश्नोत्तरांच्या पानावर मात्र मी अडकले. प्रश्न छापायचेच नाहीत, नुसती उत्तरं. 'एक दुःखी भगिनी' हिला सांगितलंय, सबुरीने घ्या, आणि शक्य असल्यास स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवा. काय झालं असेल हो? मी अर्धी दुपार त्या खिडकीत घालवली.

सगळीच मासिकं अशी नव्हती, हेही सांगायला हवं. किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० साली सुरू झालं तेच बाईला डोकं असतं हे गृहीत धरून. त्याच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं, तिथे तर सायीचा विषयच नव्हता. पण आमच्या माळ्यावर नेमके सायवाले गठ्ठे.

आणि त्यांत ते अजरामर पान : पती कामावरून येण्याआधी वेणीफणी करावी, मुलांची तोंडं पुसावीत, हसतमुखाने दार उघडावे, आपल्या तक्रारी लगेच सांगू नयेत. खाली पेन्सिलीने ठळक रेघ. मी रोज लोकलमधून चेंगरून येते तेव्हा आमच्याकडे दार उघडतं ते 'किल्ली नाही का नेलीस?' या प्रश्नाने. मला त्या रेघेची दया आली. बिचाऱ्या सासूबाई, काय काय मनावर घेत जगल्या!

अंक घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "आई, हे सगळं खरंच करायचात तुम्ही?"

त्यांनी चष्मा लावून पान बघितलं.

"छे गं! मी विणकाम बघायचे आणि क्रमशः कादंबरी वाचायचे. ह्या रेघा तुझ्या सासऱ्यांच्या. अंक आला की आधी तेच वाचत बसायचे."