धापणाऱ्या मांजरीला पॅरासिटामॉल? ती गोळी आधी बाजूला ठेवा

"मांजर तोंड उघडून धापते म्हणजे ऊन लागलं, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्या. छातीत गाठ निघाली तर पाणी काढू देऊ नका, सुईनं कॅन्सर पसरतो. इलाज नसतो, अन् लेकरांनाही लागतो." हा मेसेज दारव्ह्याच्या मावशीपर्यंत पोचला. तिनं गोळी कुटायलाही घेतली होती!

माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमतच नाही. मग रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या मातकट पडतात, तोंड नि पंजे सुजतात. जगभरचे पशुवैद्य जे मर्क व्हेटरनरी मॅन्युअल वापरतात, त्यानुसार किलोमागे 10 मिलिग्रॅमनंही मांजरांना विषबाधा झालेली आहे. 500 ची अर्धी गोळी म्हणजे 250 मिलिग्रॅम. मावशीची मनी फार तर तीन किलोची. करा हिशेब! तोही आधीच श्वासाला महाग झालेल्या जिवाला. कुणी दिलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच.

ऊन लागतं, हे मान्य. मे महिन्यात आपल्याकडे मांजर घडीभर धापतंही. पण सावलीत आणूनही धाप थांबेना, कोपरं बाहेर काढून, मान ताणून ती बसून राहिली, श्वासागणिक पोट हलायला लागलं, तर छातीत पाणी किंवा गाठ असू शकते. अशा वेळी दाबून धरून काहीही पाजू नका.

आणि सुईचं म्हणाल, तर ते पाणीच फुप्फुसाला फुलू देत नाही. काढलं की श्वास मोकळा होतो, शिवाय त्यातल्या पेशी तपासून लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, ओळखता येतो. खरी भीती निदानाआधीच टोचलेल्या स्टेरॉइडची. त्यानं गाठ तात्पुरती आक्रसते अन् निदान हुकतं.

लिम्फोमा बरेचदा उलटतो, खर्चही होतो, एवढं खरं. तरी केमोनं कित्येक मांजरी सावरतात, आणि थायमोमा, म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ, बहुधा शस्त्रक्रियेनं काढता येतो. लेकरांना यातलं काहीच लागत नाही. लिम्फोमामागे असणारा ल्युकेमियाचा विषाणूसुद्धा मांजराकडून मांजरालाच जातो.

गावच्या जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रे नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना पोत्यात कोंबू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात न्या.