आंब्याखाली मोंडो ग्रास सडल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की जूनअखेरीस आमच्या नर्सरीतून नेलेल्या बुटक्या मोंडो ग्रासच्या (गवतासारखं दिसणारं, सावलीत जमीन झाकायला लावतात ते रोप) 120 पिशव्या आंब्याखालच्या 80 चौरस फुटांत लावल्या, ऑगस्ट संपेपर्यंत निम्मी रोपं पिवळी पडून सडली, बाकीची वाढत नाहीत आणि मुळांवर गाठी सापडल्या, म्हणजे रोपं रोगटच दिली. एवढा खर्च करून मधे माती दिसत असेल तर चिडचीड होणारच. तुम्ही टाकलेले चारही फोटो नीट पाहिले. त्यावरून जे कळतं ते इथे सविस्तर लिहितो, कारण पुण्यात हीच तक्रार बऱ्याच बागांत असते.

आधी गाठी. मोंडोच्या मुळांवर शेंगदाण्याएवढ्या, पांढरट, गुळगुळीत गाठी असतातच. त्यात ते पाणी आणि अन्न साठवतं. चिनी वैद्यकात तर त्या औषधात वापरतात. सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत) गाठी वेड्यावाकड्या असतात आणि मूळच फुगून खडबडीत झालेलं दिसतं. तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या गाठी टपोऱ्या आणि स्वच्छ आहेत. ते रोप जिवंत आहे, कृपया फेकू नका.

सडण्याचं कारण दुसऱ्या फोटोत आहे. पिशवीतली लाल मातीची हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) न फोडता काळ्या मातीत खड्डा करून ठेवली आहे आणि वरून माती दाबून आळं केलं आहे. काळी माती पावसात पाणी सोडत नाही, त्यामुळे तो खड्डा वाटीसारखा भरून राहतो. त्यातच पानं जिथून फुटतात तो बुडखा इंचभर मातीत गाडला गेलाय. मोंडोला सावली चालते, थोडा कोरडेपणाही चालतो; बुडखा ओला राहिलेला मात्र अजिबात चालत नाही. झुपका हलक्या हाताने ओढून बघा. बुळबुळीत बुडातून सुटून आला आणि वास आला, तर तो गेला. घट्ट धरून असेल तर वाचेल.

पावसाची दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की हे करा. जिवंत झुपके खुरप्याने उचला, लाल माती पाण्यात भिजवून पूर्ण सोडवा आणि प्रत्येक झुपक्याचे मुळांसकट तीन-चार तुकडे करा. आंब्याखाली कुदळ चालवू नका, त्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. त्याऐवजी दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण दोन इंच पसरा. 80 चौरस फुटांना साधारण 13 घनफूट लागेल. दोन इंचांपेक्षा जास्त चढवलं तर झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याभोवती दोन फूट जागा मोकळी सोडा, तिथे काहीच लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तुकडे सहा इंचांवर लावा, बुडखा मातीच्या किंचित वर राहील असे. ज्या जागेवर रोप सडलंय तिथली माती बदला आणि लिटरला 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) घालून ते द्रावण ओता.

सहा इंचांवर चौरस फुटाला चार, म्हणजे 320 तुकडे लागतात. 120 पिशव्या त्याच हिशोबाने दिल्या होत्या, तीन तुकडे धरून. अख्खी पिशवी एका जागी लावली की रोपं कमी पडतात आणि मधली माती उघडी राहते.

पाऊस असेपर्यंत वरून पाणी नको. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा भरपूर द्या, कारण झाडही त्यातलंच पाणी पिणार. आंब्याची गळलेली पानं जाड असतात, ती ओली होऊन बुडख्यावर चिकटतात. दर आठवड्याला हाताने उचला. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट रस खाली पडतो आणि मोंडोच्या पानांवर काळी काजळी चढते. रोग समजून औषध मारू नका, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

वाढीबद्दल मात्र तुमची अपेक्षा आणि हे झाड यांचा मेळ बसत नाहीये. बुटका मोंडो अतिशय सावकाश पसरतो. सहा इंचांवर लावून जमीन झाकायला दीड-दोन वर्षं जातात, आणि युरिया टाकून ती घाई होत नाही. मधल्या काळात हिरवं हवंच असेल, तर बाहेरच्या कडेने हेमिग्राफिसची (जांभळट पानांचं, जमिनीवर पसरणारं रोप) छाटकलमं खोचा. ती लवकर पसरतात, दाट सावलीत जांभळा रंग जरा उतरतो एवढंच. मोंडोवर चढू लागली की कापा.

तुमचे माळीकाका सुचवतात ती वेडेलिया (पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती) आम्ही विकत नाही. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. खोडाला फुटलेल्या प्रत्येक पेरातून ती मुळं धरते आणि कुंपणापलीकडे जाते. शिवाय तिला फुलायला ऊन लागतं, तुमच्या आंब्याखाली नुसत्या लांबट फांद्या मिळतील.

सडलेल्यांतली चार-पाच रोपं मुळांसकट कागदात गुंडाळून नर्सरीत आणा, प्लास्टिकमध्ये नको. मुळं समोर धुऊन बघू. त्यात खऱ्या सूत्रकृमीच्या गाठी निघाल्या तर सगळ्या 120 पिशव्यांचे पैसे परत करू. नाही निघाल्या, तरी तुकडे कसे करायचे ते माळीकाकांना करून दाखवू. त्यांना सोबत आणलंत तर बरं.